उंबरठ्यापाशी गेरूची रेघ

अमरावती
ता. १४ सप्टेंबर २०२५

चि. पार्बताबाईस,
नत्थुजीचे अनेक आशीर्वाद.

तुझी राखी वेळेवर पोचली. पोच द्यायला मात्र महिना उलटून गेला, राग धरू नको. फोन करावा तर माझा आवाज आता इतका बारीक झाला आहे की तू नुसती हॅलो हॅलो करतेस आणि मी थकून फोन नितेशच्या हातात देतो. अक्षराचंही तेच. ओळीच्या सुरुवातीला बरं, शेवटाला मुंग्यांची रांग. व्यायाम शिकवायला येणाऱ्या रागिणी मॅडमनी सांगितलं आहे की रोज पानभर मोठ्या अक्षरात लिहा. म्हणून हे पत्र. चौथी शिकलेल्या माणसाला या वयात पुन्हा गृहपाठ लागला.

हात थरथरतो त्याचं मला फार नाही. पाय जमिनीला चिकटतात त्याची धास्ती वाटते. मोकळ्या जागेत चालतो, दार आलं की थांबतो. मॅडम म्हणतात, कंपवातात डोक्याचा हुकूम पायापर्यंत पोचता पोचता अडतो, त्याला दुसरी वाट द्यायची. त्यासाठी खाटेपासून न्हाणीपर्यंत आडव्या ठळक रेघा मारायच्या आणि एकेक ओलांडत जायचं. तुझ्या वहिनीने रांगोळीच्या रेघा ओढल्या. नुसती पांढरी रेघ बरी दिसत नाही म्हणून तिने वर हळद-कुंकवाची बोटं ठेवली. झालं. मी पहिल्या रेघेपाशी जो उभा राहिलो तो हललोच नाही. जन्मभर चौकातला उतारा दिसला की वाट बदलली, आता घरात हळद-कुंकू कसं ओलांडू? जमुना म्हणाली, मी काढलेली रांगोळी तुमाले उतारा दिसते काय. मग दोन दिवस बोलली नाही.

भाऊबीज जवळ आली. मागच्या साली तुझ्या दारात माझे पाय थिजले, तुझ्या गोपालने मदत म्हणून हात ओढला, धड पुढे गेलं आणि पाय मागेच राहिले. तुझं ओवाळणीचं ताट माझ्याखाली आलं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या की म्हातारा दिवसाउजेडी पिऊन आला. गळ्यात माळ आहे माझ्या. ते बोलणं अजून कानात आहे. नितेश म्हणतो यंदा आत्यालाच इकडे बोलावू. पण भावानं बहिणीकडे जायचं असतं. एकदा मोडलं की कायमचं मोडेल असं वाटतं. यावं की येऊ नये, तूच सांग. मला काही सुचत नाही.

तुझा,
नत्थुजी


जुने शहर, अकोला
ता. २४ सप्टेंबर २०२५

ती. भाऊस,
पार्बताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर एवढं मोठं की शेजारची पंचफुला तिच्या ओट्यावरून वाचेल. शेवटच्या ओळी मात्र पुन्हा बारीक झाल्या आहेत. तिथे थकलास की घाबरलास, ते मॅडमना सांग.

उताऱ्याचं वाचून आधी हसले, मग हसू आलं नाही. वहिनीला म्हणावं, रांगोळी देवापुढेच राहू दे. गेरू कालवून रेघा मारा. मळ्यात डोक्यावर पालकाची पाटी घेऊन तू पाण्याचे दांड ओलांडायचास, खाली पाहायचासही नाहीस. आणि जुड्या मोजायला बसलास की पहिल्या जुडीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही बाबांची शिस्त. लाभ म्हटलं की तुझा हात सुटायचा तो ढीग संपेपर्यंत. पाय अडला तर तसंच मोजून पाहा. मी काही मॅडम नाही. तुला ओळखते एवढंच.

ये म्हणू आणि पडलास तर वहिनी मला बोल लावेल. नको म्हणू तर तू वर्षभर झुरशील. माझेही गुडघे आता तुमचा जिना चढू देत नाहीत, तेव्हा मला बोलावण्याचं नितेशने मनातून काढावं. तू आलास तरच भेट. गोपाल अजून म्हणतो, मामाले म्याच पाडलं. परवा उंबरठाच काढून टाकायला निघाला होता. मी म्हटलं, तुह्या बापानं बसवलेला साग आहे, हात तर लावून पाह्य. मग हिरमुसून बसला.

वहिनी जेवते ना नीट? तिचं एक अक्षर पत्रात नाही. तुमच्या मायेचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
पार्बता


अमरावती
ता. ११ ऑक्टोबर २०२५

चि. पार्बताबाईस,
अनेक आशीर्वाद.

गेरूच्या रेघा मारल्या. मॅडमना पटल्या. मोठ्याने मोजायला त्यांनीच सांगितलं होतं, पण मी लाभ म्हटल्यावर त्यांनी विचारलं की एक कुठे गेला. समजावून सांगितलं. आता त्या स्वतःच टाळी वाजवून लाभ म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जमुनाला विचारलं, वरती भाजीचं दुकान टाकलं काय. वळतानाही जागच्या जागी वळायचं नाही, शेताच्या धुऱ्यावर बैलगाडी वळवतो तसं लांबून यायचं.

सगळे दिवस सारखे नाहीत. परवा गोळीचा जोर उतरला आणि न्हाणीच्या दारात अडकलो. रेघ समोर, लाभ तोंडात, पाय मात्र आपले नाहीत. जमुना मागे स्टूल घेऊन उभी राहिली. ओढलं नाही, बोललीही नाही. ती थकली आहे, पार्बता. मला उठवून उठवून तिचं मनगट सुजलं आहे, पदराखाली लपवते. मॅडमना विचारलं, हे बरं होईल का. त्या म्हणाल्या, आजार जाणार नाही, पण काका, चालणं जितकं टिकवता येईल तितकं टिकवू. खरं बोलल्या, बरं वाटलं.

मी येतो. नितेश गाडीने गल्लीच्या तोंडाशी सोडेल. सकाळची गोळी लागू झाल्यावरच निघू, म्हणजे ओवाळायला उशीर होईल. गोपालला सांग, त्याचा काही दोष नाही. उंबरठ्याला हात लावू देऊ नको. त्याच्या अलीकडे गेरूची एक जाड रेघ मार, वर हळद-कुंकू नको. मी थांबलो तर थांबू द्या. कोणी ओढू नका, चला चला म्हणू नका. बाया पाहतील तर पाहू दे. तू ताट खाली ठेवून आत उभी राहा आणि मोठ्याने लाभ म्हण. पुढचं मी मोजीन.

जमणार नसेल तर तसं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. पण रेघ मारली की नाही, ते लवकर कळव. तेवढ्यावर माझा जीव अडकला आहे.

तुझा,
नत्थुजी