तळ्याकाठी वाढलेलं पान

८ सप्टेंबर
आले एकदाची. विमानात गुडघे आखडले, पण इथली हवा बघून सगळं विसरले. प्रीता डेट्रॉइटला गाडी घेऊन आली होती. वाटेत मक्याची शेतं, संपता संपेनात. पोरीनं सनीव्हेलचा कोंदट फ्लॅट सोडून इथं मिशिगनात तळ्याकाठी घर भाड्यानं घेतलंय. नोकरी घरूनच, कॉम्प्युटरवर. तळं कसलं, पलीकडचा काठ दिसत नाही. चाखून पाहिलं, पाणी गोडं. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिही, करमेल. चौथी शिकलेली बाई मी, काय लिहू? तरी बघू.

१४ सप्टेंबर
आज तिचं वेड बघितलं. काळा रबरी सूट, पाठीवर हवेची टाकी, पायात बदकाचे पंजे, आणि म्हैस डुंबायला निघावी तशी चालत पाण्यात. थोडं आत जुनं लाकडी जहाज बुडालंय, ते बघायला. सोबत शेजारचा देव. आईबाप नागपूरचे, पण हा इथलाच. 'मावशी' म्हणतो, मोडकंतोडकं मराठी बोलतो, बाकी सगळं इंग्लिश. एकट्यानं बुडी मारायची नाही असा यांचा नियम. वर लाल झेंडा तरंगतो. तो सरकेल तिथं खाली ही दोघं. मी खुर्ची टाकून झेंड्याकडे बघत बसते. एकुलती एक आहे, दुसरं काय करणार.

काठावर पाटी आहे. प्रीतानं वाचून दाखवली. शंभरावर वर्षं झाली, वादळात जहाज फुटलं. गाव काठावर उभं राहून बघत होतं, कुणाला जाता आलं नाही. अकरा माणसं गेली, एकाचंही प्रेत मिळालं नाही. म्हणजे दहावं नाही, तेरावं नाही, कुणी घासभर भात ठेवला नाही. मी म्हटलं, आणि तू त्यांच्या घरात हिंडतेस होय? तर म्हणे, आई, चिल.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. भात, खीर, वडे, आळूऐवजी पालक. आमच्या ह्यांचं पान वाढलं. ज्यांचं कुणी नाही त्यांनाही आज वाढतात. म्हणून स्टीलच्या डब्यात थोडं थोडं भरून पाण्याच्या कडेला दगडावर ठेवलं. म्हटलं, बाबांनो, जेवा, आणि माझ्या पोरीवर लक्ष ठेवा. देव हसत होता. कावळा नाहीच. पांढरे पक्षी घिरट्या घालत होते, पण एकानं चोच लावली नाही.

२२ सप्टेंबर
सकाळी डबा आपल्या पायरीवर. घासलेला. आत शिंपले. देवानंच आणला असणार. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं तरी त्याच्या आईनं शिकवलंय. मग मीही कशी रिकामी ठेवू? शिरा भरून त्याच्या दारात ठेवला.

२३ सप्टेंबर
डबा परत पायरीवर. आत पितळी बटण, हिरवं पडलेलं, आणि चिलमीचा तुकडा. जाऊन देवाला विचारलं. तो म्हणतो, मावशी, मी डबा पाहिलाच नाही.

प्रीता माझ्यावरच भडकली. बुडालेल्या जहाजाची वस्तू वर आणणं इथं गुन्हा आहे म्हणे. कुणी आणली कोण जाणे, आता आम्हालाच परत ठेवावी लागणार. दोघं खाली जाऊन ठेवून आली.

वर आल्यावर पोरगी हसत हसत सांगत होती. खाली फळ्यांवर भाताच्या मुदी आहेत, ओळीनं. पाण्यात एक शीत हललेलं नाही. मी विचारलं, किती? अकरा खाल्लेल्या, म्हणाली. एक तशीच.

देव हसत नव्हता.

२५ सप्टेंबर
डबा रिकामाच पाण्यात फेकला. सांगितलं, झालं तुमचं-आमचं, आता देणं-घेणं नको.

प्रीता जेवत नाही. खिडकीशी उभी असते. खाली गार नसतं आई, म्हणते. परवा म्हणत होती, हाडं गोठतात.

२७ सप्टेंबर
उद्या शेवटची बुडी, मग वादळं सुरू होतात म्हणे. पाया पडले पोरीच्या. आई असून. अगं, येड्यासारखं काय करतेस, म्हणाली. देवाला म्हटलं, तू नाही म्हण. तो म्हणाला, मी नाही गेलो तर ती एकटी जाईल.

२८ सप्टेंबर
झेंडा थांबला.

देव एकटाच वर आला. सारखं एकच सांगतो. परत येताना पूर्ण वेळ तिचा हात धरून होतो. काठापर्यंत. माझाही कुणीतरी धरला होता, घट्ट. पाणी गुडघ्याइतकं झालं तेव्हा मागं वळून बघितलं तर—

आपला तळहात बघत राहतो.

बोटी आल्या. पोलीस. काही नाही. मीच बोलावलं त्या अकरा जणांना. मीच वाढलं.

२९ सप्टेंबर
धुकं. बोटी आज नाहीत.

लक्ष ठेवा म्हटलं होतं. ठेवलं असेल तर—

३० सप्टेंबर
सकाळ. अजून धुकं. काचेच्या दारापाशी प्रीता. सूट अंगावर, टाकी नाही. नाक काचेला लावलंय, पण काचेवर वाफ धरत नाही.

मागं पाण्यात माणसं उभी. पुढं येत नाहीत. पोर घरी पोचवायला आल्यासारखी.

ओठ हलतायत. आई म्हणतेय. दुसरं काय म्हणेल.

ती नाही ही. कळतंय मला. चौथी शिकले म्हणून इतकं कळत नाही असं नाही.

पण केस किती ओले— कुडकुडतेय—

कडी काढते. आधी टॉवेल