चौथ्या थरातलं नाणं

२ फेब्रुवारी, सोमवार
सगळं बदललं ते आज सकाळी सव्वाअकराला. दोन आठवडे या टेकाडावरच्या उत्खननात मातीच्या टोपल्या वाहत होतो. मयुरीनं हाक मारली, तळहातावर हिरवं पडलेलं एक नाणं ठेवलं आणि म्हणाली, "याची नोंद तू कर. आजपासून रजिस्टर तुह्याकडं." तिची बोटं लागली. कॉलेज सुटलं ते एका पोराचं नाक आणि प्राचार्यांच्या खोलीची काच एकाच दुपारी फोडून. तेव्हापासून माझ्या हातात कोणी नाजूक काही दिलं नव्हतं.
नियम : एक वस्तू, एक पाकीट, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर खड्डा, थर, खोली. चिठ्ठी गेली की वस्तू भंगार.
मयुरी दारव्ह्याची. पीएच.डी. करते. यापुढे नुसतं म. लिहीन.

४ फेब्रु.
लोखंडी बाणाचं टोक. ४.१ सेंमी. पुढून वाकलेलं. खड्ड्यावर मजुरीला येणाऱ्या सुमनकाकूच्या खुरप्याला लागलं.
"हाडात घुसून वाकलं असन," काकू म्हणाली आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसली.
रजिस्टरमध्ये "टोक वाकलेले" एवढंच. कोणाचं हाड, याला रकाना नाही.
संकेत खड्ड्याचा प्रमुख, पुण्याचा. मला ड्रॉपआउट म्हणतो, हसून. हसताना वरचे सहा दात दिसतात. मोजले.

७ फेब्रु.
वरच्या थरात शिशाची गोळी, एका बाजूनं चपटी. उत्खननाचे मोठे सर म्हणाले, बंदुकीची, कशावर तरी आपटलेली. पाकिटात घालायच्या आधी बराच वेळ मुठीत धरून होतो. जड आहे. बरं वाटतं.
म. आणि संकेत रिकामी पाकिटं आणायला राळेगावला गेले, त्याच्या बाइकवर. दोन तास वीस मिनिटं. मी तोवर टाकाऊ मातीचा ढीग कुदळीनं फोडत होतो. हाताचं कातडं गेलं.
"कायले मातीवर उठला रे? तिनं काय केलं तुह्यं?" काकू.
"काई नाई."
"मंग माणसावर उठ. थे माती उद्या मलेच उचला लागते."

१० फेब्रु.
तीन तांब्याची नाणी. दोन वरच्या थरातली, जिथं माती आधीच उकरलेली होती. एक चौथ्या थरातलं, जुन्या घराच्या मुरमाच्या जमिनीखालून, जमीन न फुटता. म.चा सगळा प्रबंध या एकावर. नाणं ज्या काळचं, घर त्यानंतरचं. तिचं म्हणणं, घर दोन हजार वर्षांचं. चप्पल न घालता खड्ड्यात नाचली.
तिन्ही सारखीच. हिरव्या गंजाची ढेकळं.
नंबर, थर, खोली लिहिली. वर्णन आणि वजन कोरं ठेवलं. मुद्दाम. वजनाला दोघं लागतात, एक काट्यापाशी, एक रजिस्टरपाशी. उद्या दुपारी म. मोकळी आहे.

११ फेब्रु.
दोन बोटं वळत नाहीत. डाव्या हातानं लिहितोय.
काट्याआधी फोटो. संकेत म्हणाला, तिन्ही पाकिटं एकदम उघड, वेळ वाचेल. उघडली. चिठ्ठ्या शेजारी. मग म.च्या खांद्यावर हात टाकून, "तुझं पाळीव आज चावत नाही वाटतं?" म. हसली. थोडंच.
मधलं आठवत नाही. त्याचा ओठ दातांवर फाटला तो आवाज आठवतो, ओलं गोणपाट फाटल्यासारखा. दुसरा कानशिलावर. तो टेबलावर गेला, टेबल घेऊन खाली. मी त्याच्या छातीवर. रक्त माझ्या तोंडात पण होतं, कोणाचं ते माहीत नाही. काकूनं केसाला धरून ओढलं. "मरून जाईन थो. सोड."
मग म. दिसली. गुडघ्यांवर. नाणी एकीकडे, चिठ्ठ्या एकीकडे.
एकच बोलली. "वजनं कुठी लिहिली?"

१३ फेब्रु.
संकेतला तीन टाके. त्यानं सरांना सांगितलं, खड्ड्यात घसरलो. तिन्ही पाकिटं उघडायला त्यानंच लावलं, ते सरांना कळायला नको.
नाणी सापडली त्या जागेवरचे फोटो पाहिले. तिन्हींत ढेकूळ.
म.नं नाणी साफ केली. एकावर हत्ती, सातवाहनांचं, दोन हजार वर्षांचं. एकावर फारसी अक्षरं, पाच-सहाशे वर्षांचं. तिसरं पार झिजलेलं. हत्तीवालं जमिनीखालचं असेल तर तिचा प्रबंध उभा. फारसी असेल तर आडवा.
"तुह्या हातात होतं ना? आठव."
"हत्तीवालं असन."
"असन का होतं?"
मला आठवतं ते जमिनीखालचं जरा जाड होतं. जाड फारसीवालं आहे. पण गंज किती होता? नक्की नाही. काकूला विचारलं. "निंघाले तवा तिघंबी चिखल होते, बापा."

१६ फेब्रु., सोमवार
सर पाचला रजिस्टरवर सही करणार होते. ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत म. आणि मी. संकेत दारात, ओठ सुजलेला.
"हत्ती, थर चार," तो म्हणाला. "सगळ्यात जुनं ते सगळ्यात खाली. कोण विचारणार आहे?"
जमीन किती जुनी ते नाण्यावरून ठरवायचं होतं. आता नाणं जमिनीवरून ठरवायचं. त्याच्या टाक्यांवरच मारावं वाटलं. मूठ आपोआप वळली, कळ खांद्यापर्यंत गेली.
म. जवळ आली. एवढी जवळ कधीच आली नव्हती. "लिही ना विक्रांत. घरचे म्हणते हे शेवटचं वर्ष, मंग लग्न करून टाकू. तीन वर्ष झाले मले मातीत."
"अन् खोटं निंघालं त?"
"माह्यासाठी लिही."
लिहिलं. "तीन नाणी पाकिटांबाहेर मिसळली. कोणते कोणत्या थरातले, सांगता येत नाही. कारण, नोंद ठेवणाऱ्याने मारहाण केली. वजने त्यानेच आदल्या दिवशी घेतली नाहीत." खाली नाव.
तिनं वाचलं आणि कानाखाली दिली. मग दुसऱ्या बाजूनं. ओठ फुटला. मी हात वर केला नाही. तिनं ते पान मुठीत धरलं, शिवणीपाशी थोडं फाटलं, तिथंच थांबली. खाली सरांच्या जीपचा आवाज.
संकेत दारातून बाजूला झाला. मी त्याला हात लावला नाही. पान तिच्या मुठीत सोडून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.