जागा : कित्ता

२ मार्च
पोचलो एकदाचा! वर्षभरातली ही माझी सहावी नोकरी. आधीच्या पाच कशा गेल्या ते लिहीत बसलो तर वही इथेच संपेल. पण ही टिकणार. काम काय, तर रोज दिवेलागणीला गच्चीवर जायचं, दुर्बिणीतून धूमकेतू बघायचा आणि मोठ्या रजिस्टरात दोन गोष्टी लिहायच्या : त्याची जागा आणि त्याचं तेज. बस्स. आई म्हणायची, वर तोंड करून चालतोस, एक दिवस खड्ड्यात पडशील. आता त्याचीच नोकरी लागली म्हणावं.

घर मास्तरांचं. शाळेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं आकाशाच्या नोंदी करून मुख्य वेधशाळेला पाठवतात. आता मोतीबिंदू झालाय, म्हणून मी. त्यांची मुलगी, ताई, धूमकेतूच्या वाटेचं गणित करते. मास्तर म्हणाले, डोळे तुझे, डोकं ताईचं आणि ओरडा माझा. ताईची पाच वर्षांची पोर दारामागून बघत होती. टिकलीएवढी आहे, म्हणून टिकलीच म्हणतात. तिने मला लगेच मामा करून टाकलं. मला आजवर कुणी मामा म्हटलं नव्हतं. (म्हणजे मामा बनवलंय पुष्कळांनी.)

खोली जिन्याखाली. खिडकीचं एक कवाड लागत नाही, त्यात मी जुना मोजा कोंबलाय.

५ मार्च
काम जमतंय. धूमकेतू उत्तरेला आहे, कापसाच्या बोळ्यासारखा. जवळच्या दोन ताऱ्यांना मास्तर थोरला आणि धाकटा म्हणतात. त्यांच्यापासून तो किती सरकला ते बघून जागेचे आकडे लिहायचे. ताई म्हणते तो लांबून जाणार, पावसाळ्यापर्यंत दिसेनासा होईल.

तेज ‘प्रती’त मोजतात. मला वाटलं पुस्तकाची प्रत. मास्तरांनी कपाळाला हात लावला. इथे सगळं उलटं आहे. सहाव्या प्रतीचा तारा जेमतेम दिसतो, पहिल्या प्रतीचा ठळक. शून्याच्या खाली आणखी लख्ख : पौर्णिमेचा चंद्र वजा तेरा, सूर्य वजा सत्तावीस. जितकं कमी तितकं जास्त. शाळेत माझे गुण असे मोजले असते तर मी पहिला आलो असतो.

आणखी एक. वरच्या ओळीतलंच पुन्हा लिहायचं असेल तर मास्तरांच्या पद्धतीत ‘कित्ता’ लिहितात. पण धूमकेतूच्या जागेपुढे चाळीस वर्षांत एकदाही कित्ता आलेलं नाही. तो थांबतो कशाला?

८ मार्च
टिकलीला आकडे शिकवतोय. रजिस्टरवरूनच, त्यामुळे उतरते : सहा, पाच, चार. शून्याखाली काय, म्हणाली. वजा एक, वजा दोन, असं करत सूर्यापर्यंत नेलं. सूर्याच्या खाली? म्हटलं, वजा अठ्ठावीस. त्याच्या खाली? आता काय सांगणार! म्हटलं, त्याच्या खाली आपलं घर. खूप हसली. ‘कित्ता’ही लिहायला शिकली. ‘कि’ झाला की ‘त्त’पाशी अडते, जीभ बाहेर येते.

आपलं घर म्हणालो मी. सहज तोंडून गेलं.

१० मार्च
आज चुकलो. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर एक माणूस दोराला लटकून काटे पुसत होता. मोठ्या काट्यावर चक्क डबा ठेवून जेवला! बघता बघता अंधार. घरी आलो तर आकाश ढगांनी भरलेलं. मास्तरांनी खालून विचारलं, झाली का नोंद? झाली म्हटलं. जागेपुढे लिहिलं कित्ता. तेज काल सहा होतं, अंदाजाने पाच लिहिलं. एका ओळीने काय होतंय.

११ मार्च
रजिस्टर उघडलं तर पुढची दोन पानं भरलेली! टिकलीचा पराक्रम. जागेच्या रकान्यात खालपर्यंत कित्ता, कित्ता, प्रत्येक ‘त्त’वर शाईचा डाग. तेजाच्या रकान्यात चार, तीन, दोन, एक, शून्य, वजा एक, पार वजा अठ्ठावीसपर्यंत. रोजची एक ओळ. तारखा मोजल्या, शेवटची बारा एप्रिलला येते. तिच्या खाली दार-खिडकीचं घर. हसून पोट दुखलं. मास्तरांना सांगितलं नाही, पोरीला ओरडा बसेल.

मग वर गेलो. धूमकेतू कालच्याच, म्हणजे परवाच्या जागी. तेज चार.

१३ मार्च
हललेला नाही. प्रत दोन. टिकलीच्या ओळीत दोनच आहे.

मास्तरांना सगळं सांगितलं : मनोरा, ढग, कित्ता. ते दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसले. मग म्हणाले, तू खोटं लिहिलंस हेच खोटं आहे. तो तिथेच आहे.

१६ मार्च
वेधशाळेचं पत्र आलं, तेराचं. तुमची जागा इतरांशी जुळत नाही, तपासा. मी आनंदाने नाचलो. दुपारच्या टपालाने दुसरं आलं, चौदाचं. आधीच्या पत्राबद्दल क्षमस्व, आता सर्वांची नोंद तुमच्यासारखीच आहे.

१७ मार्च
ताईला विचारलं, न हलता नुसता तेजस्वी होत गेला तर काय? ती म्हणाली, समोरून येणारी सायकल डावीकडे जात नाही, उजवीकडे जात नाही, नुसती मोठी होते. तेव्हा आपण काय करतो?

बाजूला होतो, म्हटलं.

तिने कागद पुढे ओढला आणि गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

१९ मार्च
वजा चार. भरदिवसा दिसतो. चौकात लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात.

रजिस्टरातल्या टिकलीच्या ओळी काळ्या शाईने खोडल्या. एकूण एक. खालचं घर तेवढं खोडवेना. जागेपुढे खरे, म्हणजे खोटे, म्हणजे सरकलेले आकडे लिहिले.

संध्याकाळी ती जिन्यावर बसून भिंतीला पाय आपटत म्हणत होती, वजा चार. तिला सगळं पाठ आहे. रोजचा एक आकडा, दिवेलागणीला.

वर गेलो. कित्ता.

२१ मार्च
टिकलीला म्हटलं, आता चढते आकडे म्हणू या. एक, दोन, तीन. ती गोंधळली. म्हणाली, मामा, उलटं नाही येत मला.

मीच शिकवलंय.

२६ मार्च
पळालो. माझी जुनी सवय. बसने दिवसभर, मग दुसरी बस. उतरून वर बघितलं. थोरला, धाकटा, मध्ये तो. रात्री माझी सावली पडली. कुठेही उतरलो तरी तेच असणार.

आणि तिथे मला मामा म्हणणारं कुणी नव्हतं.

२८ मार्च
परत आलो. कुणी काही विचारलं नाही. ताट वाढलेलं होतं.

२ एप्रिल
चौकातलं घड्याळ बंद. लोक सामान बांधून निघतात, दोन दिवसांनी परत येतात. जायचं कुठे?

६ एप्रिल
वजा बावीस. दुपारी प्रत्येकाला दोन सावल्या. मास्तर म्हणतात, मला पहिल्यांदाच नीट दिसतोय रे. इतकं खूश होऊन म्हणाले, की

८ एप्रिल
ताईने गणित थांबवलं. कागद नीट लावून ठेवले. टिकलीचे केस धुतले, दोन वेण्या घातल्या.

१० एप्रिल
रात्र झाली नाही. खिडकीतला मोजा करपला — वास — मास्तर गच्चीवरून खाली येत नाहीत

११
सूर्य कुठला, तो कुठला —

ती म्हणाली. हळूच. वजा सत्तावीस.

१२
सगळे माझ्या खोलीत. जिन्याखाली. मास्तर, ताई. पांघरुणं ओली करून — कागद गरम लागतो हाताला

तिला म्हटलं, आज म्हणू नकोस. बरं म्हणाली. ओठ हलतात.

एकच सुचतंय. रजिस्टर पुढ्यात ठेवलंय. घर आहे अजून, शेवटच्या ओळीखाली, दार, खिडकी. म्हटलं, टिकले, घराच्या खाली लिही. वरच्यासारखंच. म्हणजे उद्याही घरच. लिही ना बाळा.

पेन घेतलं तिने. जीभ बाहेर.

उजेड फटीतून — ताई तिच्यावर वाकलीये —

कि झाला. आता ‘त्त’. अडलीये. लिही, मामा आहे ना, हात धरतो, असं, आधी त् —