आयुष रांगायला लागला

९ डिसेंबर, राजुरा

आमचा आयुष आज रांगला. पुनमने टाळ्या वाजवल्या, लगेच तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. दोघी हसत होत्या. मला मात्र टीव्हीखालचा प्लग पॉइंट दिसला. आयुष सरळ तिकडेच निघाला होता.

कोळसा खाणीच्या ऑफिसात सेफ्टीचं काम मी बघतो. शिफ्टला निघालेल्या लोकांकडून रोज सुरक्षेची शपथ म्हणवून घेतो. डंपर, ब्लास्टिंग, कशालाच घाबरत नाही. (हे सगळं मी खिडकीतून बघतो, तो भाग वेगळा.) एक रांगणारं पोरगं सांभाळणं म्हणजे काय मोठं?

संकल्प: घर झीरो ॲक्सिडेंट करणे. शांत डोक्याने.

छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला असावा.

१० डिसेंबर

इन्स्पेक्शन. धोका मुलाच्या उंचीवरून बघायचा असतो, म्हणून सगळं घर रांगत फिरलो. त्या उंचीवरून आपलं घर भयंकर आहे. लोंबणारी वायर, स्टुलाचा कोपरा, फिनाईलची बाटली. दिवाणाखाली शर्टाचं बटण आणि एक हरभरा.

हरभरा उचलून बघितला. एवढासा दाणा. घशात गेला तर? बराच वेळ दिवाणाखालीच पडून राहिलो. पुनमने वाकून विचारलं, "काय हरपलं तुमचं?" काही नाही म्हटलं. बाहेर येताना डोकं आपटलं.

११ डिसेंबर

मोबाईलवर वाचलं, बादलीतल्या थोड्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं. तडक उठलो. दोन्ही बादल्या, टब, मोरीतला ड्रम, सगळं ओतून दिलं. निर्णय ठाम होता.

नळ आज येणार नव्हता, हे नंतर कळलं.

पुनम शेजारून पाणी आणत होती आणि बोलत होती. मोरीचं दार लावून वरची कडी घातली असती तरी भागलं असतं, ड्रमवर झाकण ठेवता आलं असतं, असं तिचं म्हणणं. सूचना विचाराधीन आहे.

१३ डिसेंबर

स्वयंपाकघराच्या दाराला बांबूचं फाटक बसवून घेतलं. गॅसपासून संरक्षण. सकाळी पाणी प्यायला गेलो आणि फाटकावरून पडलो. अंगठा सुजला. आयुष अलीकडे बसून माझ्याकडे बघत होता. त्याला खरचटलंही नाही. म्हणजे फाटक यशस्वी.

१५ डिसेंबर

आज ऑफिसातून फोन केला, पुनमने उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही.

मी घाबरलो नाही. फक्त टेबलावरचं सगळं तसंच टाकून गाडीला किक मारली. रस्ताभर डोळ्यांसमोर तोच हरभरा. घराचं दार आतून बंद. हाका मारल्या, दार बडवलं. शेजारचे जमले. कोणी म्हणालं गॅस लीक असेल, कोणी म्हणालं अँब्युलन्स बोलवा. मी पायरीवर बसलो.

पुनमने दार उघडलं. खांद्यावर आयुष, दोघांचे केस ओले. त्याला आंघोळ घालत होती. "तुमीच सांगतलं ना, आंघोळीच्या वक्ती लेकराले सोडून फोन उचलाचा नाई म्हून?"

सांगितलं होतं. नियम पाळला जातो आहे, ही समाधानाची बाब. शेजारचे हसत गेले. आयुष मात्र माझ्या ओरडण्याने दचकला होता, रडायचा थांबेना.

१८ डिसेंबर

आयुषचं जावळ काढायचंय, पुनमच्या माहेरी, मूल शहराच्या अलीकडच्या गावात. मामाच्या मांडीवर बसवून केस काढतात. पुनम म्हणाली, मोटरसायकलने जाऊ, सगळे जातात. मी नकार दिला. मित्राची, श्रावणची, कार मागितली. बाळाची खास सीट मागवली. श्रावणच्या गाडीचा बेल्ट नीट बसेना, मेकॅनिककडून नवा लावून घेतला. शिवाय चंद्रपूर सोडलं की दोन्ही बाजूंना जंगल. वाघ आहे. म्हणून दारं लागली की आपोआप लॉक होतात ती सिस्टीम चालू करून घेतली. श्रावण म्हणाला, "वाघ काय हँडल वढून दार उघडते का बे?" हसू दे.

इतकी तयारी राजुऱ्यात कोणी केली नसेल.

२० डिसेंबर, सासुरवाडी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

जंगलातल्या रस्त्यावर मला सीट तिरकी वाटली. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद, किल्ली तशीच ठेवली. एका बाजूने मी उतरलो, दुसऱ्या बाजूने पुनमला उतरायला सांगितलं. बेल्ट घट्ट होता. दार सीटला घासतंय का बघू म्हणून तिला दार लावायला सांगितलं. मीही माझं लावलं.

खट्.

सगळी दारं लॉक. किल्ली आत. फोन माझ्या खिशात. आयुष आत.

ऊन थेट काचेवर. आयुष आधी हसला, त्याला खेळ वाटला. मग रडायला लागला. रडून रडून लाल झाला, केस कपाळाला चिकटले. काचेतून त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. पुनम काचेला तोंड लावून बोलत होती, "इकडं पाय माह्या सोन्या, मी इथीच हावो." मग त्याचा आवाज बारीक झाला.

मी तिला म्हटलं, घाबरू नको, प्रोसीजर असते, आधी कळवायचं असतं. फोनला नेटवर्क नव्हतं. नेटवर्क बघायला मी रस्त्याने पळत सुटलो. किती लांब गेलो, भान नव्हतं. वळण घेतल्यावर गाडी दिसेना. दोन्हीकडे सागाची झाडं, पानही हलत नव्हतं. तेव्हा वाघ आठवला. पाय जागचे हलेनात. पुढे जाववेना, मागे फिरवेना. मी तिथे उभा, आणि पोरगं तिकडे काचेत.

मागून काच फुटल्याचा आवाज आला.

मला वाटलं, संपलं. कसा पळालो ते माहीत नाही, एक चप्पल राहिली ती राहिलीच.

पुनम सावलीत बसली होती. आयुष तिच्या कुशीत दूध पीत होता. तिने मोठा दगड घेऊन पुढच्या दाराची, त्याच्यापासून लांबची काच फोडली होती. हाताला ओढणी गुंडाळली होती तरी तळव्याला कापलं होतं.

तिने वर बघितलं. "तुमी कुठी गेले होते?"

नेटवर्क बघायला, म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. अजून बोललेली नाही.

एकूण, टीमवर्कने प्रसंग निभावला. अक्षर वाकडं येतंय. इकडे थंडी फार आहे.

२१ डिसेंबर

आज जावळ. पुनमचा भाऊ रोशन मांडीवर घेऊन बसणार. न्हावी वस्तरा घेऊन आला. मी रोशनला डोकं कसं धरायचं ते समजावत होतो, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, बतासे राह्यले, जवाई तुमी मूलले जाऊन घेऊन या, तुमच्यासारखं कोनी आनत नाई. जबाबदारीचं काम. गेलो.

परत आलो तर सगळं झालेलं. आयुषचं चकचकीत टक्कल. कुठे ओरखडा नाही. रोशनच्या मांडीवर हसत होता. घरातल्या डब्यात बतासे आधीच भरपूर होते.

मी जवळ गेलो. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, मग रडू. सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, त्याला उचललं. हळूच म्हणाल्या, "जवाई, रागावू नोका. तुमी त्याच्याकडं वाघ पायल्यावानी पायता. थो तुमचं तोंड पाहून भेते."

सगळ्यांनी ऐकलं. मी बतासे वाटले.

संकल्प: आयुषसमोर हसतमुख राहणे. आरशात प्रॅक्टिस केली. पुनम आज पहिल्यांदा बोलली. विचारलं, दात दुखते का.

२२ डिसेंबर

पुनम आयुषला घेऊन एसटीने निघाली. फुटकी काच, थंड वारा, लेकराले बाधंल, असं कारण दिलं. योग्यच आहे. मी कारने मागे. तेवढंच दोघांवर लक्ष राहतं.

रेल्वे फाटक बंद होतं. बस थांबली, मी गाडी तिच्या बाजूला घेतली. खिडकीत पुनम. मांडीवर आयुष, टकलावर टोपी. पुनमने मला बघितलं. क्षणभर थांबली, मग त्याचा हात धरून माझ्याकडे हलवला. आयुष हसला. मला बघून हसला!

हात खिडकीच्या बाहेर आला होता.

"हात! हात आत घे!" मी किंचाळलो. काच नसल्याने आवाज थेट गेला. बसमधली माणसं वळून बघायला लागली. आयुषचा ओठ बाहेर आला.

पुनमने खिडकी लावून घेतली. मालगाडी फार लांब होती. ती जाईपर्यंत मी बसच्या काचेकडे बघून हसत राहिलो. आतून काही दिसत असेल का, माहीत नाही.