निळं पातेलं रिकामं जात नाही

वॉशिंग्टन हाइट्स, न्यू यॉर्क
२३ जानेवारी १९९४

ती. आजीस,

योकास्ताचा सा. न. वि. वि. आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच.

मागच्या पत्रातली एक चूक सुधारते. मी लिहिलं होतं की समोरच्या दारातल्या हैतीच्या मादाम रोझलीननी नव्या वर्षाच्या दिवशी पाठवलेलं लाल भोपळ्याचं सूप फ्रेदेस मावशीनं ओतून दिलं. तसं झालं नव्हतं. मी फक्त रिकामं पातेलं पाहिलं आणि उरलेलं मनानंच रचलं. काल मावशी बोलता बोलता म्हणून गेली की त्या सूपमध्ये लवंग अंमळ जास्तच होती. न चाखता कसं कळलं, असं विचारल्यावर म्हणाली, नर्सिंग शिकायला आलीस की वकिली? म्हणजे तिनं ते ओट्याशी उभ्याउभ्या, एकटीनं, सगळं संपवलं होतं. मी तिच्यावर नाहक आळ घेतला.

पण पातेलं अजून आमच्याच फ्रिजवर आहे. निळं, कडेला टवका उडालेलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे तूच मला अक्षरांच्याही आधी शिकवलंस. आमच्याकडून ते भरूनही जात नाही आणि रिकामंही जात नाही. भात घालून देऊन येऊ का, असं मी विचारलं. मावशी म्हणाली, ते पातेलं घेऊन त्या दारात गेलीस तर दुसऱ्या हातात तुझी सुटकेस घेऊन जा. ती हसत नव्हती.

धुलाईच्या दुकानात एक बाई माझ्याशी हैतीच्या भाषेत बोलली. मावशी चार यंत्रांपलीकडून ओरडली की मुलगी आमची आहे, दोमिनिकन, चांगल्या घरातली. ती बाई वरमली, मी तिच्याहून जास्त. आजी, मी मादाम रोझलीनपेक्षा सावळी आहे. आणि मोठ्या दुकानात पहारेकरी आमच्या मागेमागे फिरतो तेव्हा आपल्या नि हैतीच्या सीमेवरच्या नदीच्या अलीकडच्या की पलीकडच्या, हे काही तो मावशीला विचारत नाही.

मादाम पूर्वी लिफ्टमध्ये माझं अभ्यासाचं विचारायच्या. आता बुटांकडे बघत उभ्या राहतात. मला मावशीचं छप्पर सोडायचं नाही, आणि रोज मान खाली घालून ये-जाही करायची नाही. काय करू ते कळव.

तुझी धास्तावलेली,
योकास्ता

दाहाबोन
१२ फेब्रुवारी १९९४

चि. योकास्तास,

एदुविहिस आजीचे अनेक आशीर्वाद, त्यातला एक जास्तीचा, कारण तुझं पत्र तीनदा वाचावं लागलं. एवढं बारीक लिहीत जाऊ नकोस. कागद स्वस्त आहे, माझे डोळे नाहीत.

इथं सगळं ठीक. बकरीनं शेजारच्या पाद्र्याची फुलं खाल्ली. तो म्हणाला, बकरीला पापाची जाण नसते. मी म्हटलं, मग ती तुमच्याच मंडळीतली दिसते.

आता फ्रेदेसचं. ती लहान असताना नदीपलीकडून एक बाई बाजाराला यायची, लुसियान नावाची. नव्या वर्षाला हेच सूप आणायची आणि फ्रेदेसला मांडीवर घेऊन भरवायची. फ्रेदेस नऊ वर्षांची झाली तशी शाळेतली पोरं तिला चिडवू लागली, की काळी आहेस, सूप पितेस, तू त्यांचीच. त्या वर्षी तिनं आम्हाला न विचारता लुसियानचं भांडं रिकामं नेऊन दिलं. आपल्याकडे त्याचा अर्थ नातं तोडलं असा होतो, हे त्या बाईलाही ठाऊक होतं. ती पुन्हा आली नाही. फ्रेदेस महिनाभर नदीवरच्या पुलाकडे बघत दारात बसायची.

तेव्हा तुझी मावशी दुष्ट नाही. ते भांडं रिकामं द्यायला तिचा हात धजत नाही आणि भरून द्यायला तोंड नाही. भांडू नकोस. ईस्टरआधीचे लेंटचे उपास लागले की शेजारी वाटायची ती घेवड्याची खीर घाल शिजत. मुद्दाम वाईट कर, ती सुधारायला आल्याशिवाय राहायची नाही. हे पत्र मात्र तिला दाखवू नकोस.

पोटभर जेव आणि म्हातारीची आठवण ठेव.
आजी

वॉशिंग्टन हाइट्स
२० मार्च १९९४

ती. आजीस,

आशीर्वाद दे, आणि रागावणार असशील तर आधी दे. मी पत्र मावशीला दाखवलं. तिच्याच घरात राहून तिची गोष्ट लपवून ठेवणं मला जमेना. खीर मुद्दाम वाईट करण्याचा विचार केला होता, पण ती आपोआपच वाईट झाली.

मावशीनं पत्र वाचून घडी घातली आणि खोलीत गेली. मी खरंच सुटकेस पलंगाखालून काढून ठेवली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, सुटकेस पायानं परत आत सारली आणि म्हणाली, हिच्यात पसरट चमचे भरलेस काय, खीर ढवळायला एकही सापडत नाही. मग चव घेऊन म्हणाली, ही खीर आहे की भिंतीला लावायचा चुना? घेवडा चाळणीतून नीट काढला नव्हता. नारळाचं दूध कमी, रताळं कच्चं. तिनं सगळं पुन्हा केलं. ती खीर आम्हीच संपवली. मावशीच्या मते पहिली खीर हात बसण्यापुरती, द्यायची ती गुड फ्रायडेचीच.

पातेलं तिनं फ्रिजवरून उतरवलं, राखेनं घासावं तसं घासलं, आणि आता ते टेबलावर फडक्याखाली आहे. सुटकेसची गोष्ट पुन्हा निघाली नाही. एवढंच म्हणाली की नेताना मी तुझ्या मागे नाही, पुढे असेन.

काल ढवळताना ती काहीतरी पुटपुटली. मला भाषा कळली नाही. विचारलं तर म्हणाली, लुसियान सूप देताना हेच म्हणायची, नवं वर्ष सुखाचं जावो. मला त्यांच्या भाषेतलं तेवढंच येतं, एप्रिलात म्हटलं तर समोरची बाई हसेल का? मी म्हटलं, हसली तर बरंच होईल.

मादाम दार उघडतील की नाही, ही धाकधूक आहेच. पण लिफ्टमध्ये आज मी मान वर ठेवली, आणि त्यांनी परीक्षा कधी म्हणून विचारलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी योकास्ता

ता. क. दिवस लिहायचा राहिला. मावशी म्हणते तीन वाजता नको, प्रार्थनेची वेळ. चार वाजता. पातेलं मी धरणार, दार ती वाजवणार. शुक्रवार, १ एप्रिल.