सुमनच्या दातावर जीभ फिरली

लोणावळा, शुक्रवार, २० फेब्रुवारी १९७६

आज परंदवडीच्या सुमनचा पुढचा तुटका दात भरला. रविवारी तिचं लग्न आहे. दाताला अ‍ॅसिड लावलं, मिनिटभर थांबून धुतलं, वाळवलं. दात खडूसारखा पांढरा झाला, म्हणजे आता मसाला धरणार. फक्त थुंकी लागायला नको, नाहीतर मसाला सुटतो. तेवढ्यात तिच्या वडिलांनी विचारलं, "सुमे, दुखतंय का गं?"

"न्हाई, आबा."

बापाने विचारल्यावर पोरगी गप्प कशी राहील! बोलून तिने दातावरून जीभ फिरवली. मी पाठमोरा मसाला कालवत होतो, पण जिभेचा चट्ट आवाज ऐकलाच. माझे कान फसत नाहीत.

पुन्हा अ‍ॅसिड लावायला हवं होतं. पण आबा म्हणाले, "डाक्टर, उरका की! यष्टी गेली तर नवरीला तुमीच खांद्यावर न्या." मी हसलो, कापसाने पुसलं आणि दात भरून टाकला. का? कापसाने काय होतं?

रविवारी ती दातांत विडा धरणार, नवरा तो तोडणार, सारं वऱ्हाड बघत असणार. विड्याबरोबर तुकडा निघाला तर? माझ्याकडे पदवी नाही, लोक दवाखाना बंद पाडतील. पण पोरीला सासरी जन्मभर काय म्हणतील? जीभ फिरली होती आणि मला ते ठाऊक होतं.

सकाळी पहिल्या गाडीने अ‍ॅसिड आणि मसाला घेऊन परंदवडीला जातो. हळदीच्या घरात सगळ्यांदेखत चूक कबूल करायची. आबा शिव्या देतील, देऊ देत. सुमनने पुन्हा तोंड उघडलं म्हणजे झालं.