पुलाची ओळ

६ जानेवारी, धुळे

नाही काढणार! चरित्रकोशाचे संपादक योगराज सर म्हणतात, जागा कमी आहे, तुमच्या नोंदीतली पुलाची ओळ गाळा. एकोणिसाव्या शतकातला स्पॅनिश उमराव, मार्क्विस — सेनापती, पुढे मंत्री, नदीकाठी पुतळा. यादवी युद्धात शहर वाचवायला त्याने पूल उडवला, तेव्हा पुलावर त्याच्याच बाजूचे खेडूत होते. ही ओळ गेली तर उरतो फक्त पुतळा.

९ जानेवारी

आबांना नोंद वाचून दाखवली. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गौरवग्रंथ निघतोय. त्यात लेकीचा लेख माझा — 'गाव वाचवणारा सरपंच'. फौजेतून आल्यावर आबा चौदा वर्षं सरपंच होते. पुराच्या साली तलावाचा बांध त्यांनी पलीकडून फोडायला लावला. गाव राहिलं. खालची वस्ती वाहून गेली, सात माणसं. पुरात गेली, असंच सगळे म्हणतात. मीही तेच लिहिलंय.

आबांनी एवढंच विचारलं, "त्याले पुलवरना लोके दिखनात का?"

हातात दुर्बीण होती, मी म्हटलं.

मग आबा — "माले बी वस्तीवरना लोके दिखनात. हात हालाई ऱ्हायंतात. लिख."

१० जानेवारी

आबा जेवले नाहीत. तासिकेला माझंही लक्ष नव्हतं.

१२ जानेवारी

लिहिलं. चार ओळी. छपाई धाकटा भाऊ प्रेमराज बघतो, त्याला जळगावला पाठवल्या. लगेच फोन. गौरवग्रंथात असलं कुणी छापतं का, आबांचं वय झालंय, काहीही बोलतात. मग आवाज खाली आणून — "अक्का, आबांना ओवाळायला वस्तीवरची भिकुबाई येणार आहे. तिची दोन लेकरं गेली होती त्यात. तिच्या हातात तू ग्रंथ देशील?"

१३ जानेवारी

प्रेमराजला कळवलं, त्या चार ओळी गाळ. भिकुबाईची दया आली म्हणून, की आमच्या घराचं नाव जाईल म्हणून? दिवसभर विचारतेय. पहिलं कारण मला फार लवकर सुचलं.

२ फेब्रुवारी

समारंभ झाला. मांडवात आबांनी माझा लेख उघडला. ओळींवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. परत पहिल्या पानावर आले, पुन्हा शेवटपर्यंत. ग्रंथ मिटून माझ्या हातात दिला.

भिकुबाईने ओवाळलं, पाया पडली. म्हणाली, आबा होते म्हणून गाव शे. आबांनी मान वर केली नाही.

३ फेब्रुवारी

योगराज सरांना फोन केला. म्हटलं, पुलाची ओळ काढा.